मोजणीच्या रात्री

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या दिवसांत परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या कितीतरी घरांना कुलपं लागत असतील. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचे फोन सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर वेशीपाशी येऊन उभे राहतात. ट्रॉलीत आधी जड सामान चढतं: ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम, थोडं सरपण. मग बांबू आणि ताडपत्री. त्यावर अंथरुणं, अंथरुणांवर लेकरं आणि कडेला दाव्यानं बांधलेली एखादी शेळी. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, उन्हाळ्यातच घेतलेली असते. बहुतेकांची ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात सरलेलीही असते. आता ती फेडायला पाच-सहा महिने कोयता चालवायचा. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात सोय लागलेली शाळकरी पोरं.

अशाच एका निघण्याच्या सकाळी गंगाखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका बाईंना विचारलं, "मावशी, तुमचं घर कुठलं?" त्यांनी नुकतंच कुलूप घातलेल्या दाराकडे हात केला. "हे काय. आन् दुसरं कारखान्यावर." दुसरं म्हणजे? "कोपी. सहा म्हैने इथं, सहा म्हैने तिथं. घर कोणतं म्हनावं, तुमीच सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून बेघरांविषयीचा कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: या बाई यात कुठं बसतात? बेघर किती, हे मोजून कळतं. बेघर असणं म्हणजे काय, हे बसून ऐकल्यावर कळतं. समाजशास्त्रात पहिल्याला संख्यात्मक पद्धत म्हणतात आणि दुसऱ्याला गुणात्मक. दोन्हींचे अभ्यासक एकमेकांशी बरंच भांडलेले आहेत. ते भांडण विद्यापीठाच्या खोलीतलं वाटतं, पण त्याचा निकाल परभणीसारख्या जिल्ह्यात निवारा, रेशनकार्ड आणि घरकुल कोणाला मिळणार यावर होतो. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

*

आधी कोपी जवळून बघू. चार-पाच बांबू शेंड्याशी एकत्र बांधायचे, बुडाला पसरायचे, वरून ताडपत्री किंवा पाचट टाकायचं. पुढून आत शिरायला तोंड ठेवायचं, त्यावर लुगड्याचा पडदा. वाकूनच आत जावं लागतं, आणि ताठ उभं राहायचं तर मधोमधच. एका बाजूला धान्य, एका बाजूला अंथरूण, चूल बाहेर. अंघोळीला आडोसा म्हणून दोन काठ्यांना साडी गुंडाळलेली. संडास नाही. पहाटे तीन-चारला उसाच्या फडाकडे निघायचं असतं, म्हणजे बाईला त्याआधी अंधारातच सगळं आटपावं लागतं. अशा पन्नास-शंभर कोप्या एका शेतात उभ्या राहिल्या की त्याला तळ म्हणतात.

आता जनगणनेची व्याख्या बघू. जी कुटुंबं इमारतीत म्हणजे 'जनगणना घरा'त राहत नाहीत, रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर उघड्यावर राहतात, ती बेघर. इमारत म्हणजे साधारणपणे चार भिंती आणि छप्पर. पण व्याख्येत एक सवलत आहे. काही भागांत घराची बांधणीच अशी असते की भिंती नसतात. शंकूच्या आकाराची, आत जायला दार असलेली झोपडी असेल तर तीही इमारतच धरायची. यामागचा हेतू चांगला आहे, कारण ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या अशीच घरं आहेत त्यांना बेघर म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. पण याच सवलतीत ऊसतोडीची कोपीही बसते. तीही शंकूच्या आकाराची, तिलाही तोंड आहे.

मग त्या मावशींचं काय होतं? २०११ च्या जनगणनेचा पहिला टप्पा, घरयादीचा, २०१० च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात राज्याराज्यांत झाला. तेव्हा ऊसतोड कुटुंबं गावी परतलेली होती. नोंद झाली: घर आहे. दुसरा टप्पा, माणसं मोजण्याचा, ९ ते २८ फेब्रुवारी २०११ असा झाला. तेव्हा कोयता फडात होता. नियम असा की या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथं सापडेल तिथं करायची. सापडला तर तो कोपीत सापडणार, आणि कोपी म्हणजे इमारत. २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक बेघरांची खास मोजणी करायला बाहेर पडले, तेव्हा कोपीतली माणसं त्यांच्या यादीत येण्याचं कारणच नव्हतं. दोन्ही टप्प्यांत या मावशी घरवाल्या ठरल्या. कोणी चुकीचं लिहिलं नाही, कोणी कामचुकारपणा केला नाही. तरीही अर्धं वर्ष ताडपत्रीखाली काढणारी बाई बेघरांच्या आकड्यात आली नाही.

तो आकडाही सांगायला हवा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली. महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. उत्तर प्रदेशाखालोखाल आपला नंबर दुसरा. २००१ मध्ये देशाचा आकडा १९ लाख ४३ हजार होता, म्हणजे दहा वर्षांत बेघर कमी झाले असं दिसतं. पण आकडा फोडून बघितला की चित्र पालटतं. ग्रामीण बेघर ११ लाख ६५ हजारांच्या आसपास होते ते ८ लाख ३५ हजारांवर आले, आणि शहरी बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. खेड्यातली बेघरी खरोखर मिटली की ती शहराकडे सरकली, की ती मोजणीच्या जाळ्यातून निसटली? आकडा हा प्रश्न उभा करतो. उत्तर मात्र त्याच्याकडे नाही. त्यासाठी माणसाला विचारावं लागतं: तू कुठून आलास, का आलास?

*

परभणी शहराकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार होती, आणि त्याच वर्षी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा निकष दिला होता: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची कायम सोय. म्हणजे परभणीला त्या हिशेबानं किमान तीनशे जणांची सोय हवी. हा निकष वरून उतरलेला आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोठ्या शहरांना निवारे उभारायला सांगितलं, त्या धाग्यातून तो पुढं आला. बेघरांच्या हक्कांसाठी झगडणारे कार्यकर्ते सांगत आले की शहरी लोकसंख्येच्या किमान एक टक्का माणसं बेघर असतात. देशाची २०११ ची शहरी लोकसंख्या ३७ कोटी ७१ लाख. तिचा एक टक्का म्हणजे ३७ लाखांच्या वर. जनगणनेचा शहरी आकडा ९ लाख ३८ हजार. दोन आकड्यांमध्ये चौपटीचा फरक आहे.

रात्री साडेअकरानंतर परभणी जंक्शनवर थांबून बघा. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग आणि परळीकडे फुटणारा फाटा इथं मिळतो. फलाटावर शंभर माणसं झोपलेली असतात आणि लांबून ती सगळी सारखीच दिसतात. कोणी मुंबईच्या गाडीची वाट बघतोय. कोणी जिल्हा रुग्णालयात दाखल असलेल्या बापासाठी आलाय आणि लॉज परवडत नाही. कोणी दर्ग्याला आलेला आहे. सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो, आणि त्या दिवसांत उघड्यावर झोपणाऱ्यांत भाविकच अधिक असतात. आणि या सगळ्यांत काही असे असतात ज्यांना सकाळी कुठंच जायचं नसतं. अंगावरच्या कपड्यांवरून हे ओळखता येत नाही. मी एका म्हाताऱ्याला भिकारी समजून बाजूला बसलो, तर तो जिंतूरकडचा चांगला पाच एकरांचा शेतकरी निघाला, नातवाला घ्यायला आलेला. आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण, ज्याला मी प्रवासी समजत होतो, तो चार महिन्यांपासून तिथंच झोपत होता. तो हॉटेलात ताटं धुतो, शर्ट मालकानं दिलेला. घर कुठं विचारलं तर म्हणाला, "हाय की गावाकडं. पण तिथं जाऊ शकत नाही." का, ते त्यानं तीन रात्रींनंतर सांगितलं, आणि ते इथं लिहायचं नाही असं त्याच्याशी ठरलेलं आहे.

प्रगणकाला त्याच्यासाठी तीन मिनिटं असतात, मला तीन रात्री होत्या. पण माझ्या तीन रात्रींत मी नऊ माणसांशी बोललो, आणि प्रगणक एका रात्रीत अख्खं स्टेशन संपवतो. नऊ माणसांवरून परभणीत बेघर किती, हे मी सांगू शकत नाही. शिवाय माझी नऊ माणसं ही बोलणारी माणसं होती. शेवटच्या बाकाखाली एक बाई होती, केसांच्या जटा झालेल्या, कोणाशीच न बोलणारी. माझ्या वहीत तिच्या नावापुढं एकही ओळ नाही. ऐकण्याच्या पद्धतीची ही मोठी उणीव आहे: जो बोलू शकतो त्याचीच गोष्ट लिहिली जाते, आणि त्यातही ज्याची गोष्ट मनाला चटका लावते तीच छापली जाते. त्या बाईला न्याय मिळायचा असेल तर तो मोजणीतच मिळेल, कारण मोजणीत तीही एक धरली जाते.

*

तरुणपणी मी एका सर्वेक्षणाचं काम केलं होतं. कोणासाठी, ते सांगण्याची गरज नाही. रोज पंचवीस फॉर्म भरायचे, फॉर्ममागं पैसे. त्यात एक रकाना होता: निवास – पक्के, कच्चे, नाही. एका गावाबाहेर घिसाड्यांची पालं होती. भाता चालू होता, विळे-खुरपी तापत होती. घरातल्या कर्त्या बाईला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमी हितं पंधरा दिवस. मग पुढच्या गावाला." मी 'कच्चे' वर खूण केली आणि पुढच्या पालाकडं वळलो. ती खूण चुकीची होती, हे मला त्याच वेळी कळत होतं. पण 'नाही' लिहिलं की खाली आणखी अकरा प्रश्न होते आणि दिवस कलत होता. आज मला त्या खुणेची लाज वाटते. आणि म्हणूनच मला ठाऊक आहे की मोठ्या अहवालातल्या तक्त्यातला प्रत्येक आकडा अशाच एखाद्या कलत्या दिवशी, अशाच कोणाच्या तरी हातून लिहिला गेलेला असतो.

पालावरच्या लोकांचं आणखी एक आहे, जे बाहेरच्या संशोधकाच्या चटकन ध्यानात येत नाही. त्यांना नोंदीचीच भीती वाटते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का मारला. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही. कायदा १९५२ मध्ये गेला, पण हातात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे पोलीस किंवा पोलिसाचा भाऊ, ही धास्ती गेली नाही. पालावर फॉर्म घेऊन गेलात की पुरुष निघून जातात, बाया कुटुंबातली माणसं कमी सांगतात, नाव दुसरंच देतात. आकडा तिथंच कच्चा होतो. आधी चार दिवस नुसतं जाऊन बसावं, चहा प्यावा, खुरपं शेवटून घ्यावं, मग विचारावं. याला गुणात्मक संशोधनाच्या पुस्तकात मोठं नाव आहे. आपल्याकडं त्याला ओळख वाढवणं म्हणतात. ती वाढवल्याशिवाय केलेली मोजणी म्हणजे नुसता कागद भरणं.

*

हे भांडण जगात सगळीकडं झालेलं आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात कार्यकर्ते म्हणत होते की देशात वीस-तीस लाख बेघर आहेत, आणि १९८४ मध्ये सरकारी खात्यानं अडीच ते साडेतीन लाख असा अंदाज दिला. शिकागोत पीटर रॉसी या समाजशास्त्रज्ञानं १९८५-८६ मध्ये नमुना पद्धतीनं शहराचे भाग निवडून मध्यरात्री माणसं मोजली. आकडा दोन हजारांच्या थोडा वर निघाला. कार्यकर्ते त्याच्या कितीतरी पट सांगत आले होते, ते संतापले. पण रॉसीनंच दाखवून दिलं होतं की एका रात्रीचा आकडा वेगळा आणि वर्षभरात कधी ना कधी बेघर झालेल्यांचा आकडा वेगळा, दुसरा कितीतरी मोठा. १९९० मध्ये तिथं जनगणनेनं एकाच रात्री बेघर मोजले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अभ्यासकांनी आपली माणसं मुद्दाम रस्त्यांवर बसवून ठेवली होती, मोजणारे त्यांच्यापर्यंत पोचतात का ते बघायला. त्यांतल्या बऱ्याच जणांना कोणी विचारलंच नाही.

संख्येनं मोठं काम केल्याचंही एक उदाहरण तिथलंच आहे. १९९८ मध्ये कुन आणि कल्हेन या दोघा संशोधकांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. सुमारे ऐंशी टक्के माणसं थोड्या दिवसांसाठी येतात आणि जातात, दहा टक्के ये-जा करत राहतात, आणि उरलेले दहा टक्के कायमचेच तिथं असतात. निवाऱ्यांच्या एकूण दिवसांपैकी जवळजवळ निम्मे हे शेवटचे दहा टक्केच वापरतात. हे सत्य कुठल्याही मुलाखतीतून हाती लागलं नसतं. त्यातून धोरण बदललं: कायम बेघर असलेल्याला निवाऱ्यात खाट देण्यापेक्षा सरळ घर द्या.

आपल्याकडं दिल्लीचं बघा. आश्रय अधिकार अभियान या संघटनेनं २००० मध्ये रात्री फिरून ५२,७६५ बेघर मोजले. पुढच्याच वर्षी जनगणनेनं २४,९६६ नोंदवले. शहर तेच, माणसं तीच, आणि आकडा निम्म्याहून कमी. संघटनेच्या लोकांना कुठल्या चौकात कोण झोपतं हे आधीपासून माहीत होतं, एवढाच फरक.

मुंबईचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पण नोटीस देऊन फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मुभाही दिली. त्या वेळी आदल्याच वर्षी सुरू झालेल्या स्पार्क या संस्थेनं भायखळा-नागपाडा भागातल्या ई वॉर्डात फुटपाथवरच्या कुटुंबांची गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं. त्या अहवालाच्या नावाचा अर्थ 'आम्ही, न दिसणारे' असा आहे. त्यात फुटपाथवर राहणाऱ्यांना आकड्यातही आणलं आणि त्यांना बोलूही दिलं: गाव कोणतं, का सोडलं, किती वर्षं झाली, काम काय. शहराला वाटत होतं ही काल आलेली, उद्या जाणारी माणसं आहेत. अहवालानं दाखवलं की ती वर्षानुवर्षं तिथंच राहतात, शहराचीच कामं करतात, आणि गावं सोडून आली कारण गावात खायला नव्हतं. फुटपाथवरच्या बायका पुढं महिला मिलन या नावानं एकत्र आल्या, आणि घरांसाठीची बोलणी त्यांनी स्वतः केली. मोजणीनं त्यांच्या हातात कागद दिला, आणि तो कागद कसा वाचायचा हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही, कारण त्यातला मजकूर त्यांचाच होता.

*

परभणीला खेटून असलेल्या बीड जिल्ह्याची गोष्ट तर ताजीच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जातात, हे आधी आकड्यातून समोर आलं नाही. ते बायकांच्या तोंडून आलं, गावागावांतून, मग २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून. बायका सांगत होत्या: पाळीच्या दिवसांत एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो, कोपीवर धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरचं दुखणं वाढत जातं, आणि डॉक्टर म्हणतो पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. आरोग्य खात्यानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशभराच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, त्यामुळं ही तुलना जपून करायला हवी. पण अंतर एवढं मोठं आहे की नुसत्या वयानं त्याचा उलगडा होत नाही.

इथं क्रम महत्त्वाचा आहे. कोणीतरी आधी ऐकलं म्हणून काय मोजायचं ते कळलं. मग मोजलं म्हणून सरकारला नाकारता आलं नाही. आणि आकडा हाती आल्यावर पुन्हा बायकांकडंच जावं लागलं, कारण सतरा हा आकडा स्वतः 'खाडा' हा शब्द उच्चारत नाही. मी या सगळ्याकडं बेघरीचाच प्रश्न म्हणून बघतो. संडास नाही, न्हाणी नाही, दाराला कडी नाही, अशा जागी अर्धं वर्ष काढण्याची किंमत त्या बायकांनी आपल्या शरीरातून दिली. जनगणनेच्या दृष्टीनं मात्र त्या सगळ्या छताखाली होत्या.

ऊसतोड कामगार राज्यात किती, याचेही कोणी आठ लाख सांगतं, कोणी बारा, कोणी पंधरा. २०२१ मध्ये सामाजिक न्याय विभागानं ग्रामसेवकांमार्फत त्यांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं, ते याच गोंधळावर उपाय म्हणून. ग्रामसेवकाला घरं माहीत असतात ही त्यातली जमेची बाजू. पण नोंदणी नाव, कोयता आणि मुकादमापाशी थांबली तर कोपीतल्या रात्री कोणाच्याच वहीत येणार नाहीत.

*

येत्या जनगणनेची संदर्भवेळ ठरलेली आहे: १ मार्च २०२७, मध्यरात्र. माणसं पुन्हा फेब्रुवारीतच मोजली जाणार, या वेळी मोबाइल ॲपवर. फेब्रुवारीत कोयता पुन्हा फडातच असणार. व्याख्या बदलणं परभणीच्या हातात नाही. पण जनगणनेबाहेर स्वतःची मोजणी करायला जिल्ह्याला कोणी अडवलेलं नाही, आणि ती कशी करावी याबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे.

'तुम्हाला घर आहे का' हा प्रश्न टाकून द्यावा. त्याचं उत्तर अभिमानानं 'आहे' असंच येतं, आणि यावं. त्याऐवजी रात्री विचाराव्यात, आणि तारखांनी नाही तर सणांनी. तारीख कोणाच्या ध्यानात नसते, सण असतो. दसऱ्याला कुठं झोपलात? संक्रांतीला? शिमग्याला? पाडव्याला? मृगात? पाच-सहा प्रश्नांत सगळं वर्ष उलगडतं, आणि त्याची बेरीजही करता येते: या गावातल्या इतक्या माणसांनी वर्षातल्या इतक्या रात्री पक्क्या छपराबाहेर काढल्या. मी हे थोड्या घरांत करून बघितलं आहे. माणसं हिशेब सांगता सांगता बोलायला लागतात. संक्रांतीचं विचारलं तर एक बाई म्हणाली, "संक्रांतीला कोपी जळाली व्हती आमची, चुलीच्या ठिणगीनं." एका प्रश्नात रकानाही भरला आणि गोष्टही आली. शहरात हेच काम स्टेशनवरचे हमाल, चहावाले, रात्रीचे रिक्षावाले यांना सोबत घेऊन करावं. कोण प्रवासी आणि कोण मुक्कामी हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. मोजणी डिसेंबरच्या थंडीत एकदा आणि जूनमध्ये एकदा अशी दोनदा व्हावी, कारण परभणीचा पारा कित्येक हिवाळ्यांत पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि त्या रात्री उघड्यावरची माणसं जागा बदलतात. आणि ज्यानं आपली गोष्ट सांगितली त्याचं नाव फॉर्मवर नसावं. हजेरीचा काळ पालावरचे लोक विसरलेले नाहीत.

जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, महाविद्यालयं आहेत, समाजकार्य आणि समाजशास्त्र शिकणारी मुलं आहेत. त्यांच्या प्रकल्पांना विषय हवा असतो. बहुतेक प्रगणक हे शिक्षकच असतात, आणि कुठली पोरं दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होतात हे शिक्षकाच्या हजेरीपटाइतकं नेमकं कुठंही लिहिलेलं नसतं.

आणि तुम्ही परभणीचे असाल, गंगाखेड-पालम-जिंतूरकडं तुमचं गाव असेल, तर या दिवाळीत गावी गेल्यावर एवढं कराच. गल्लीत कुलूप लागलेली दारं मोजा. शेजारच्या म्हातारीपाशी बसून विचारा, ही माणसं संक्रांतीला कुठं असतील. ती सांगेल ते लिहून ठेवा, आणि तो कागद ग्रामसभेत वाचा.